डाग, ठसे आणि धागेदोरे

गुन्ह्याच्या जागी सापडणारा भौतिक पुरावा कधी शरीरातून आलेला असतो, कधी पृष्ठभागावर उमटलेला, तर कधी नकळत चिकटून आलेला. त्याच्या शोधामागचे तत्त्व एडमों लोकार यांचे. फ्रान्समधील लिआँ येथे १९१० मध्ये त्यांनी पोलीस प्रयोगशाळा उभारली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की एकीचा काही अंश दुसरीवर राहतो, असे हे तत्त्व सांगते. चपलेची माती, सदऱ्याचा धागा, फुटलेल्या काचेचा कण यांना म्हणूनच मोल येते.

उमटलेल्या पुराव्यात बोटांचे ठसे सर्वांत महत्त्वाचे. ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. ठशांच्या वर्गीकरणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता, तरी पद्धतीला नाव मिळाले ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. श्रेयाची ही वाटणी न्याय्य नव्हती. काचेवरचा न दिसणारा ठसा घाम आणि तेलकटपणा यांचा बनलेला असतो. मऊ ब्रशने भुकटी फिरवली की ती त्या रेषांना धरते, मग ठसा चिकटपट्टीवर उचलतात. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए सहसा वेगळा ओळखता येत नाही, ठसे मात्र वेगळे असतात. गोळीवरही बंदुकीच्या नळीतील खाचांच्या खुणा उमटतात.

रक्त, लाळ, वीर्य, केस हा जैविक पुरावा फार नाजूक. रक्ताने भिजलेला सदरा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर ओलाव्याने जिवाणू आणि बुरशी वाढून डीएनए नासतो. म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, पंचांसमक्ष सील करतात. हा मुद्देमाल मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचला, तरी पंचनाम्यातले वर्णन आणि पाकिटावरचे सील जुळावेच लागते. तिथे तफावत निघाली, की उत्तम अहवालही न्यायालयात लंगडा पडतो.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि चित्रीकरणाची तरतूद आहे. मात्र तज्ज्ञ येण्याआधीच पुष्कळ पुरावा पुसला जातो, आणि तोही बहुधा घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या हातून. घरफोडी झाल्याचे दिसताच कपाट, कडी, फुटलेली काच यांना कोणीही हात लावू नये. खोलीबाहेर थांबून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.