परतवारीचा दिवस

आषाढी एकादशीला पंढरपूरला जाऊन आलेला आमच्या हिंगोली जिल्ह्यातला वारकरी लगेच घरी टेकत नाही. पुढच्या, म्हणजे आषाढ वद्य एकादशीला तो नरसीला जातो. नरसी हे संत नामदेवांचं गाव. तिथे दर्शन झालं की मगच वारी पुरी झाली, अशी इकडची श्रद्धा आहे. या एकादशीला आम्ही परतवारी म्हणतो, आणि त्या दिवशी नरसीत पाय ठेवायला जागा नसते. पालख्यांचंही तसंच. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की त्या आपापल्या गावी निघतात, चालतच. जाताना लाखोंचा मेळा, येताना मोजकी माणसं. तरी परतीची वाट कुणी टाळत नाही.

ही गोष्ट आज मी सायकलवाल्यांसाठी सांगतो आहे.

आपली कितीतरी मुलंमुली आता लांबच्या सुट्ट्या सायकलवर काढतात. पंढरपूरहून थेट पंजाबातल्या घुमानपर्यंत, नामदेवांच्या वाटेनं, सायकलयात्रा निघाली आहे. कुणी महाराष्ट्रातली पाच ज्योतिर्लिंगं सायकलवर करतं. यात एक अडचण आहे. जाणं सायकलवर होतं आणि येणं विमानानं. रजा संपलेली असते, दुसरा इलाज नसतो. पण जो मुलूख चढ-उतार सोसत, वारा अंगावर घेत पार केला, तो तास-दीड तासात ढगांखालून निघून जातो. परत येण्याची वाट अशी हातची जाते. म्हणून माझं मागणं एवढंच आहे, की विमानाच्या आधीचा सायकलीवरचा जो शेवटचा दिवस आहे, त्यालाच परतवारी माना. तो उरकू नका.

आमच्याच भागातला दिवस घेऊ. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, परळी झालं आणि शेवटी तुम्ही औंढा नागनाथला पोचलात. विमान दुसऱ्या दिवशी नांदेडहून. औंढ्याहून वसमतला सरळ रस्ता आहे आणि वसमतहून नांदेड. बहुतेक जण तोच धरतील. मी मात्र सांगेन, परभणीच्या रस्त्याला वळा आणि आमच्या जवळा बाजारवरून या. वाट वाकडी पडते, पण दिवस पुरतो.

माघाच्या सुमाराला आलात तर हा रस्ता वासानंच ओळखू येतो. हळद काढणीला आलेली असते, शेतात कुकर लावून ती शिजवतात आणि मोकळ्या रानात वाळत घालतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो मान कुणाच्या कष्टाचा, हे सायकलवरून जाणाऱ्याला दिसतं, कारण वाकून हळद वेचणाऱ्या बायका त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असतात. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, आणि या पट्ट्यात ऊस, केळी, हळद उभी राहिली. त्याआधी इथली काळी जमीन बव्हंशी आभाळाकडेच डोळे लावून असायची. जवळा बाजार नावाप्रमाणे बाजाराचंच गाव. आसपासच्या खेड्यांचा माल इथे येतो. चहा प्या, कट्ट्यावर बसा. कुठून आलात म्हणून माणसं विचारतील. त्यांना सगळं सांगा, घाई करू नका. इतक्या दिवसांचा प्रवास तुम्ही पहिल्यांदा सलग सांगाल तो याच कट्ट्यावर, आणि सांगता सांगता तुमचा तुम्हालाही तो नीट उमजेल.

एक धोक्याची सूचना याच रस्त्याची आहे. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जात असतात. ऊस बाहेर आलेला असतो, मागचा दिवा बऱ्याचदा नसतो. शेवटच्या दिवशी मन आधीच विमानतळावर गेलेलं असतं आणि पाय सवयीनं फिरत असतात. अपघाताला एवढं पुरतं. दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठा. नांदेडच्या वेशीवर वाहनं वाढतील, तिथे उतरून चालावं लागलं तरी चाला.

आता पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची गोष्ट. २०१८ च्या जुलैत ही मुलगी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. १४ देश, सुमारे २९ हजार किलोमीटर. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं गेलं, रशियात बर्फात एकटीनं तंबूत रात्री काढल्या. १५९ दिवसांनी, डिसेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी ती कोलकात्याला पोचली. वर्तमानपत्रांत फोटो आले, अभिनंदन झालं. तरी १५ किलोमीटर उरले होते. प्रदक्षिणा जिथे सुरू झाली तिथेच संपली पाहिजे, असा नियम आहे. त्या १५ किलोमीटरसाठी तिला पुन्हा विमानानं पर्थ गाठायचं होतं. मला त्या २९ हजारांइतकाच या १५ किलोमीटरबद्दल आदर वाटतो. आमच्या नरसीच्या वारकऱ्याला हा नियम कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १५ ऑक्टोबर १९२३ ला सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. निघताना सहा होते, फेरी पुरी केली ती या तिघांनी, १९२८ च्या मार्चमध्ये. त्यांच्या काळात विमानानं घरी येण्याचा प्रश्नच नव्हता. ते सायकलवरच मुंबईत शिरले.

तुम्हाला मात्र सायकल खोक्यात घालायची आहे. तीही सेवा आहे, ती मन लावून करा. नांदेडच्या एखाद्या सायकलच्या दुकानात आधीच फोन करून खोकं मागून ठेवा, नव्या सायकली त्यातच येतात. आधी साखळी आणि चाकं पुसून घ्या. आमची काळी माती मडगार्डात एकदा वाळली की दगड होते. दोन्ही पायंडल काढा. डावं पायंडल उलट आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की सुटतं. तिथे जोर लावून कितीतरी जण आटे घालवतात. सीट खाली घ्या, हँडल वळवा, पुढचं चाक काढा आणि फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा ठोकळा बसवा, म्हणजे दाबून वाकणार नाही. मागचं गिअर सोडवून आतल्या बाजूला बांधा. टायरची हवा कमी करा. पंक्चरचं सोल्यूशन आणि स्टोव्हचं इंधन दुकानदाराला देऊन टाका, विमानात ते चालत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. आणि लहान विमानात मोठं खोकं बसेल का, हे कंपनीला तिकीट काढतानाच विचारलेलं बरं.

हे सगळं उरकून संध्याकाळ मोकळी ठेवा. वाटेत कुणी अंगणात झोपायला जागा दिली असेल, कुणी भाकरी बांधून दिली असेल, कुणी तुटलेलं कॅरिअर पैसे न घेता वेल्डिंग करून दिलं असेल. त्यांनी निरोप देताना एकच सांगितलं असेल, पोचलात की कळवा. त्यांचे नंबर काढा. मेसेज नको, फोन करा, एकेकाला, ज्या क्रमानं भेटले त्याच्या उलट क्रमानं. औंढ्याच्या माणसापासून सुरुवात करा आणि पहिल्या मुक्कामापर्यंत मागे जा. विमान सकाळचं आहे, रात्र या फोनना पुरेल.