कीड नियंत्रण : परवाना पाहूनच काम सोपवावे

कार्यालयाच्या दप्तराला वाळवी लागली, कोठारातील धान्यात सोंडे झाले अथवा वसतिगृहाच्या खाटांत ढेकूण माजले, की कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकाची आठवण होते. दरपत्रके मागविली जातात, कमी दर मंजूर होतो, फवारणी होते आणि देयक निघते. या व्यवहारात एक प्रश्न मात्र पुष्कळदा विचारावयाचा राहून जातो. जो इसम विष घेऊन शाळेत वा चावडीत शिरणार, त्याला ते वापरण्याचा परवाना आहे काय?

हा प्रश्न केवळ कागदी नाही. 1958 साली केरळात विषारी अन्नामुळे शंभरावर माणसे दगावली. जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले होते. पिकाचे रक्षण करणारे औषध निष्काळजीपणामुळे माणसाचा काळ ठरले. पुढे संसदेने कीटकनाशक अधिनियम, 1968 संमत केला व 1971 साली त्याखालील नियम तयार झाले. या नियमांमागे अशी माणसे मेली आहेत, याचे विस्मरण होऊ नये.

व्यवसाय म्हणून कीड नियंत्रण करणाऱ्याने राज्य शासनाच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घेतला पाहिजे. त्यासाठी कृषी शाखेची अथवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान शाखेची पदवी आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या मान्य संस्थेतील प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही पात्रता नियमांत घातलेली आहे. पाठीवर पंप अडकविला म्हणजे कोणी तज्ज्ञ होत नाही, हाच तिचा अर्थ.

धान्याला धुरी देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडचे उदाहरण घ्यावे. या औषधाच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतील ओलाव्यामुळे सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. हा वायू फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो, आणि त्याच्या विषावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्यांच्या विक्रीवर व वापरावर कडक निर्बंध आहेत. धुरी देणे हे प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करावयाचे काम आहे. तरीही ढेकणांसाठी राहत्या घरात या गोळ्या ठेवल्या जातात आणि झोपलेली माणसे पुन्हा उठत नाहीत, अशा घटना घडलेल्या आहेत.

कायद्याने फवारणी करणाऱ्या मजुराचाही विचार केला आहे. त्याला संरक्षक कपडे, हातमोजे व श्वसनाचा मुखवटा पुरविणे, कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी त्याची वैद्यकीय तपासणी करविणे, प्रथमोपचाराची साधने व उतारा जवळ ठेवणे, त्याला प्रशिक्षण देणे ही मालकाची जबाबदारी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेतातील विष आणि इमारतीतील विष यांत माणसाच्या देहाला भेद कळत नाही.

वेष्टनावरील चौकोनी खूण तर अल्पशिक्षितालाही वाचता येते. तिच्या खालच्या भागातील लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा सौम्य विषारी औषध दर्शवितो. मूळ वेष्टनाऐवजी साध्या बाटलीतून औषध आणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. विषबाधा झाल्यास कोणते विष होते हे डॉक्टरांना सांगणारा पहिला कागद म्हणजे हे लेबल.

रिकाम्या डब्यांचीही गोष्ट तशीच. ते पुन्हा वापरात येऊ नयेत अशा रीतीने मोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असा नियम आहे. 2013 साली बिहारमधील गंडामन येथील शाळेत मध्यान्ह भोजनानंतर 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेले असावे, असा निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला.

कीटकनाशक निरीक्षक प्रत्येक गावी, प्रत्येक दिवशी पोहोचू शकत नाही. काम देणारा सरपंच, मुख्याध्यापक अथवा कार्यालयप्रमुख मात्र तेथेच असतो. कार्यादेशावर सही करण्यापूर्वी त्याने परवाना पाहावा. कोणते औषध, किती प्रमाणात वापरणार, हे लेखी घ्यावे. खोल्या किती वेळ बंद ठेवावयाच्या व केव्हा उघडावयाच्या, हे विचारावे. रिकाम्या डब्यांची विल्हेवाट नियमानुसार लागली याची खात्री झाल्यावरच देयक मंजूर करावे. परवानाधारकाचा दर थोडा अधिक असेलही. पण वाचलेले चार रुपये ज्या वर्गात विष बनून रेंगाळतात, त्या वर्गात दुसऱ्या दिवशी सकाळी मुले येऊन बसणार असतात.