अन्ननलिकेचा कर्करोग : प्रथिनांची साक्ष



अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची लवचिक नळी होय. आत गाठ वाढू लागली तरी ती ताणली जाते व घास उतरत राहतो. मार्ग बराच अरुंद झाल्यावर प्रथम भाकरी अडकते, मग मऊ भात आणि शेवटी पाणीही. तोवर रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो.

सावेडीतील नागरिक असो वा जवळच्या खेड्यातील शेतकरी, निदानाचा आधार एकच : दुर्बिणीतून काढलेला लहानसा तुकडा. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याच्या पातळ चकत्या कापतात. त्यांवर विशिष्ट प्रतिपिंडे सोडली असता पेशींतील ठराविक प्रथिने रंगाने ओळखू येतात. हीच प्रथिन-दर्शके.

यांतील काही दर्शके औषधाची निवड सुकर करतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी आढळणाऱ्या ग्रंथिपेशींच्या कर्करोगात ‘हर-२’ विपुल असल्यास त्यावर नेमके औषध देता येते. भारतात अधिक आढळणाऱ्या चपट्या पेशींच्या कर्करोगात ‘पीडी-एल१’ची तपासणी प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या उपचारासाठी उपयोगी पडते. रुग्णाचे भवितव्य वर्तविण्यासाठीही प्रथिनांचा अभ्यास झाला. १९७९ मध्ये शोध लागलेल्या ‘पी-५३’वर विपुल संशोधन झाले, परंतु निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. म्हणून केवळ एका प्रथिनावरून आयुष्याचा हिशेब मांडला जात नाही. रोग किती खोल गेला, लसिकाग्रंथींत व अन्यत्र पसरला काय, यांवरच भवितव्य मुख्यतः ठरते.

अहवालातील एक शब्द वाचून ‘आता उपाय नाही’ असे ठरवून रुग्णास घरी नेणे, ही म्हणूनच घातक चूक होय. मेणाचा ठोकळा, काचपट्ट्या व अहवाल नातेवाइकांनी जपून ठेवावेत. १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा अन्यत्र पुढील उपचारांस जाताना ते सोबत न्यावेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. त्याची माहिती पंचायत सदस्यांनी घरोघरी पोचवावी.

तंबाखू व मद्य ही या रोगाची प्रमुख कारणे आहेत, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. आणि गावात कोणी ‘घास अडकतो’ म्हणाले, तर त्यास घरगुती उपायांत दिवस घालवू न देता दुर्बिणीच्या तपासणीस पाठवावे. प्रथिनांची साक्ष मोलाची खरी. परंतु ती वेळेवर घेतली गेली तरच रुग्णाच्या कामी येते.