औषध कोणाला देऊ नये?



वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान असे विषय डोळ्यांपुढे येतात. औषधांचे अपाय हा विषय या व्यासपीठावर थोडा रुक्षच वाटेल. चालकांनी तो आमच्याकडे सोपविला तो परिचर्येच्या विद्यार्थिनींसाठी, आणि त्या पुढच्या रांगांतून वह्या उघडून बसल्या आहेत, हे आम्हाला दिसते आहे. परंतु आम्ही चालकांना विनंती केली की, हे व्याख्यान साऱ्या गावासाठी ठेवा. रुग्णालयात रोग्याच्या तोंडात गोळी पडते ती परिचारिकेच्या हातून. घरी ती पडते आईच्या, सुनेच्या किंवा थोरल्या मुलाच्या हातून. औषध शोधणारा, करणारा, विकणारा आणि लिहून देणारा असे पुष्कळ हात त्याला लागलेले असतात. पण शेवटचा हात हा यांचाच. त्या शेवटच्या हाताविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या भाषेत औषधाविषयीचे शब्द मोठे मार्मिक आहेत. औषध 'लागू पडते', औषधाने 'गुण येतो' आणि कधी कधी औषध 'बाधते'. वैद्य देतो त्या औषधाला 'मात्रा' म्हणतात आणि त्याच्या प्रमाणालाही 'मात्रा'च म्हणतात. वस्तू आणि तिचे माप यांना एकच शब्द ठेवणाऱ्या पूर्वजांना, माप चुकले की वस्तूच बदलते, हे ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. 'अति तेथे माती' ही म्हण औषधाइतकी दुसऱ्या कशालाही लागू नसेल.

औषधाच्या अपायाचे तीन प्रकार मनात वेगळे ठेवावेत. पहिला प्रकार दुष्परिणामाचा. योग्य मात्रेत, योग्य माणसाला औषध दिले, तरी हव्या असलेल्या कामाबरोबर ते दुसरेही काही करते. सर्दीच्या गोळीने झोप येते, लोहाच्या गोळीने शौचास काळे होते. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-तांबडी होते. ही रंगाची गोष्ट अगदी निरुपद्रवी आहे. पण रोग्याला ती आधी सांगितली नाही, तर रक्तच पडते आहे अशा समजुतीने तो घाबरतो, औषध सोडतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय पुढे अधिक चिवट होऊन परत येतो. दुष्परिणाम निरुपद्रवी असला, तरी त्याविषयीचे मौन निरुपद्रवी नसते.

दुसरा प्रकार विषबाधेचा. येथे माप ओलांडलेले असते. पॅरासिटामॉल आज घराघरांत आहे. धडधाकट प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही त्याची कमाल मर्यादा होय. यकृत दुबळे असेल, तर ती आणखी खाली येते. पण होते काय? तापाची म्हणून एक गोळी घेतली जाते, अंगदुखीची म्हणून दुसरी, सर्दीची म्हणून तिसरी. नावे तीन, वेष्टणे तीन, आणि आत पॅरासिटामॉल तेच. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. हृदयरोगावरच्या डिगॉक्सिनची तऱ्हा याहून नाजूक. उपयोगाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत तेथे फारच थोडे अंतर असते. म्हणून ती गोळी देण्यापूर्वी परिचारिकेने पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत, आणि प्रौढ रोग्याचे ठोके साठाच्या खाली असतील, तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना कळवावे, अशी रीत आहे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे येथे चालत नाही, कारण चुकलेला ठोका नेमका दुसऱ्या अर्ध्यात असू शकतो.

तिसरा प्रकार निषेधाचा, आणि आजच्या व्याख्यानाचा खरा विषय तो आहे. औषध उत्तम, मात्रा अचूक. पण हा माणूस त्या औषधाचा नव्हे. या प्रकारासाठी आम्हाला उदाहरण शोधायला परदेशी जावे लागत नाही. ते आपल्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

हिवतापाच्या व्हायव्हॅक्स नावाच्या जातीचे जंतू रक्तातून नाहीसे झाले, तरी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना तेथून हुसकून काढण्यासाठी प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस द्यावे लागते. त्यावाचून ताप उलटत राहतो. तेव्हा प्रायमाक्विन वाईट औषध आहे, असे कोणीही समजू नये. परंतु काही माणसांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर जन्मतःच कमी असते. हे विकर रक्तपेशीचे राखणदार आहे. ते दुबळे असले, तरी माणूस एरवी निरोगी असतो, शेती करतो, डोंगर चढतो. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. पण प्रायमाक्विन पोटात गेले की दोन-तीन दिवसांत त्याच्या रक्तपेशी फुटू लागतात. डोळे पिवळे होतात, धाप लागते, लघवी गडद काळपट होते. यामागे हे विकर आहे, याचा उलगडा १९५६ साली अमेरिकेत झाला.

जेथे हिवताप पिढ्यान् पिढ्या नांदला, तेथे ही उणीव अधिक आढळते, कारण हिवतापापासून ती थोडेबहुत संरक्षण देते. भूमध्य समुद्राच्या काठी ती आहे, आफ्रिकेत आहे, मुंबईच्या पारशी समाजात आहे आणि भारतातील अनेक आदिवासी जमातींतही आहे. सिकलसेलचे नाव आता धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागात पाड्यापाड्यावर माहीत झाले आहे. या दुसऱ्या उणिवेचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्याच्या उत्तरेकडील एका गावी आम्ही हिवतापाच्या कामावर होतो. सतरा-अठरा वर्षांच्या एका भिल्ल मुलाला आमच्याच हाताने प्रायमाक्विन दिले. रोग बरोबर ओळखला होता, वजन करून मात्रा बरोबर काढली होती, वहीत नोंद बरोबर केली होती. चौथ्या दिवशी मुलाचा बाप तीन कोस चालत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "बाई, पोऱ्याले चहानामायक लघवी व्हई ऱ्हायनी." आदल्या दिवसापासून असे होत होते. औषध कडक आहे, म्हणून होत असेल, अशा समजुतीने त्यांनी त्या दिवशीची गोळीही इमानाने दिली होती. मुलाला बैलगाडीने, मग जीपने रुग्णालयात नेले. दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. मुलगा वाचला. पण त्याची आई नंतर जे बोलली, ते आम्ही विसरलो नाही. तिच्या भावालाही लहानपणी एका गोळीने अशीच कावीळ झाली होती. आम्ही विचारले असते, तर तिने सांगितले असते. आम्ही विचारलेच नव्हते.

ही उणीव आईकडून मुलाकडे येते. म्हणून मामाची हकीकत विचारणे ही साधी कौटुंबिक चौकशी नव्हे, ती रक्ताची तपासणीच आहे. अर्थात खरी तपासणी प्रयोगशाळेतली, आणि जेथे ती होऊ शकते, तेथे ती आधी करावी. उणीव थोडीच असेल, तर डॉक्टर देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे हे औषध देऊ शकतात. गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या मुलाला मात्र ते देतच नाहीत, कारण पोटातल्या बाळाचे रक्त कसे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. ज्या घरी ही उणीव आढळली असेल, तेथे तान्ह्याचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवू नयेत. त्या गोळ्यांतील नॅफ्थॅलिनची वाफही अशा बाळाच्या रक्तपेशी फोडते.

आता रिफाम्पिसिनची नारिंगी लघवी आणि प्रायमाक्विनची काळपट लघवी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी रोगी एकच गोष्ट सांगतो, की रंग बदलला. एकीकडे 'घाबरू नका, गोळी चालू ठेवा' असे सांगावयाचे. दुसरीकडे 'गोळी तात्काळ थांबवा आणि निघा' असे सांगावयाचे. हा फरक रोग्याला आपोआप कळणार नाही. तो गोळी देतानाच सांगावा लागतो, त्याच्या भाषेत, आणि सांगून झाल्यावर त्याच्या तोंडून परत वदवून घ्यावा लागतो.

येथे कोणी शंका काढील की, सारे दोष असे उघड सांगितले, तर लोक औषधच घेणार नाहीत. ही शंका आम्हीही एके काळी बाळगून होतो. अनुभव उलटा आला. ज्याला काय होईल हे आधी सांगितले, तो होताना घाबरत नाही. ज्याला सांगितले नाही, तो पहिल्या मळमळीलाच गोळ्या उकिरड्यावर टाकतो, किंवा त्या भिल्ल बापासारखा विषही आज्ञाधारकपणे देत राहतो. रोग्याचा अविश्वास परवडला, पण असा आंधळा विश्वास परवडत नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. तो या तीन प्रकारांत बसत नाही. पण त्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रोगी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ग्लिसरॉल हे मेंदूवरील आणि डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी दिले जाणारे, गोडसर, निर्धोक औषध. पण त्या पुरवठ्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरावयाचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची आणि कारभारापासून मंत्रालयापर्यंतची ढिलाई उघडी केली. याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधातून शंभराहून अधिक बळी घेतले होते, आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला. तरी २०२५ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या औषधातून तेच द्रव्य वीसाहून अधिक मुलांच्या पोटात गेले आणि ती मुले दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते.

अशा वेळी बाटलीतले विष परिचारिकेला डोळ्यांनी दिसत नाही, आईलाही दिसत नाही. ही जबाबदारी करणाऱ्याची आणि तपासणाऱ्या सरकारची. ती शेवटच्या हातावर लोटणे अन्यायाचे होईल. पण हे विष आपली पहिली खूण कोठे ठेवते? लघवी कमी होते, मग बंद होते. म्हणजे परिचारिकेच्या त्या कंटाळवाण्या वहीत, रोगी किती पाणी प्याला आणि किती लघवी झाली या दोन रकान्यांत. एका रोग्याचा रकाना रिता राहिला, तर तो त्याचा आजार असू शकेल. एकाच बाटलीचे औषध घेणाऱ्या तिघांचे रकाने रिते राहिले, तर ती बाटलीविरुद्धची साक्ष होय. म्हणून औषधाच्या नावाबरोबर त्याचा बॅच क्रमांकही टिपून ठेवावा. घरीही रिकामी बाटली रोग्याला बरे वाटेपर्यंत फेकू नये. औषध बाधल्याची खबर देण्यासाठी भारतात २०१० सालापासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. तेथे खबर देण्याचा अधिकार डॉक्टरांइतकाच परिचारिकेला आणि तुम्हा-आम्हालाही आहे.

विद्यार्थिनींनो, तुमच्या पुस्तकात पाच गोष्टी पाठ करावयास सांगितल्या आहेत : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्या पाठ कराच. त्या दिवशी शिरपूरकडे आम्ही या पाचही पाळल्या होत्या, हे लक्षात ठेवा. राहिला होता तो सहावा प्रश्न : 'या माणसाला हे का देऊ नये?' तो दर वेळी मनात विचारा. उत्तर सापडले नाही, तर गोळी द्या. संशय आला, तर डॉक्टरांना विचारा. रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टर कितीही मोठे असोत. तुमच्यावर कोणी खेकसेल; ते सोसा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ते तुमचे काम आहे. आणि येथे डॉक्टरमंडळी बसली असतील, त्यांना आमची हात जोडून विनंती की, विचारणाऱ्या मुलीवर खेकसू नका. एकदा दुखावलेली मुलगी दुसऱ्या वेळी विचारणार नाही.

गावकऱ्यांना तीनच गोष्टी सांगतो. औषध घेताना पोटात मूल आहे का, कोणते औषध पूर्वी बाधले होते का, घरात आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे न विचारताच सांगा. कोणती खूण दिसली तर औषध थांबवावयाचे, हे विचारून घ्या. आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी आपल्या घरी आणू नका. त्याचा रोग तुमच्यासारखा असेलही, पण त्याचे रक्त तुमच्यासारखे असेलच असे नाही.

तो मुलगा पुढे चांगला बाप्या झाला, त्याचे लग्न झाले, त्याला मुली झाल्या. बापाची ही उणीव प्रत्येक मुलीकडे जाते आणि तिच्याकडून तिच्या मुलांकडे जाऊ शकते. त्यामुळे उद्या त्या मुली तुमच्यापैकी कोणा परिचारिकेपुढे आपली तापलेली लेकरे घेऊन उभ्या राहतील. गोळी पुढे करण्याआधी त्यांना एवढेच विचारा, "बाई, तुमच्या माहेरी कोणाला हे औषध बाधले होते का?"