नोकरी सोडा, पण कागद घेऊन

बेंगळुरूच्या चामराजपेटेतून बोलतोय. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, नांदेडकडची मुलं इथे नोकरीला येतात. त्यांतली काही मला विचारतात, "काका, नव्या कंपनीला सोमवारीच हजर व्हायचंय. नोटीस तीन महिन्यांची आहे. तसाच निघून गेलो तर काय होईल?"

फौजेत उत्तर सोपं असतं. राजीनामा मंजूर होईपर्यंत जागा सोडायची नाही. न सांगता गेलात, तर 1950 च्या आर्मी अॅक्टखाली कोर्ट मार्शल. खासगी नोकरी तशी नाही, तो करार आहे. मालक तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही. करार मोडल्याची भरपाई मात्र मागू शकतो.

याच शहरातला खटला पाहा. विजया बँकेचं मुख्यालय बेंगळुरूला होतं. तिने 2006 मध्ये अधिकाऱ्यांची भरती काढली. अट अशी, की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे. एका अधिकाऱ्याने 2009 मध्ये राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि दुसऱ्या बँकेत गेला. मग कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. पण 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने बँकेची अट वैध ठरवली. यातून दोन गोष्टी घ्या. त्याला जायला कोणी अडवलं नाही. आणि सही केलेल्या अटीची किंमत त्याला चुकवावी लागली.

म्हणून गायब होऊ नका. फोन बंद करून गावी जाणं ही सुटका नव्हे. नोटीस देणं जमत नसेल तर असं करा.

पहिलं, नेमणूकपत्र वाचा. नोटिशीऐवजी पगार भरायची सोय आहे का, बाँड आहे का, ते बघा.

दुसरं, राजीनामा ईमेलने द्या. शेवटची तारीख स्पष्ट लिहा. शिल्लक रजा धरून घ्या आणि नोटिशीपोटी किती भरायचं तो आकडा लेखी मागा. कंपनीच्या ईमेलची प्रत स्वतःकडे ठेवा. खातं बंद झालं की ती मिळत नाही.

तिसरं, लॅपटॉप, ओळखपत्र परत करा आणि पोच घ्या. मग रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला मागा. उत्तर आलं नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा.

आता तुमचं काय तुमचंच राहतं, ते ऐका. केलेल्या कामाचा पगार. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार देण्याची तरतूद आहे. पीएफ तुमचाच. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर आधारच्या ओटीपीने ती तुम्हाला स्वतः टाकता येते. ही सोय 2020 पासून आहे. नोटीस दिली नाही एवढ्यावर ग्रॅच्युइटीही जप्त होत नाही. आणि कापलेल्या आयकराचा दाखला देणं मालकाचं काम आहे.

रिलीव्हिंग लेटर अडलंच, तर नव्या कंपनीला खरं सांगा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा, पीएफचं पासबुक आणि राजीनाम्याचा ईमेल दाखवा. बऱ्याच ठिकाणी यावर काम होतं. खोटं पत्र मात्र बनवू नका. पडताळणीत ते उघडं पडलं की नवी नोकरीही जाते.

पगार अडला तर कामगार खात्याकडे तक्रार करा. बेंगळुरूत बन्नेरघट्टा रस्त्यावर कार्मिक भवन आहे. पीएफसाठी भविष्य निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर जा. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: लेखी काय आहे?

तेव्हा आजच नेमणूकपत्र काढा आणि ती एक अट वाचून ठेवा. जय हिंद.