घरचा संगणक आणि त्याच्या भागांचा मेळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात फुलसावंगी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्याने उभे आयुष्य खडू-फळ्याशी घालविले त्याने संगणकावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ‘गुरुजी, मुलगा संगणकाला पैसे मागतो आहे, द्यावे की नाही?’ असे विचारीत घरी येणारे पालक इतके वाढले की, या विषयाचा अभ्यास करणे आम्हास भाग पडले. सोयाबीन विकून आलेला पैसा कोठे जातो हे जाणण्याचा त्यांना अधिकार आहे. आणि मुलाची मागणी न समजताच ती नाकारणे हाही अन्यायच होय.

आपल्या समाजातील अनेक तरुण लग्नकार्यांचे चित्रीकरण करून चार पैसे मिळवितात. दुसरीकडे, आपल्या घरोघरी जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटात पडून आहेत. त्यांत आज हयात नसलेल्या आजी-आजोबांचे चालणे-बोलणे साठविलेले आहे, आणि त्या फिती दरवर्षी खराब होत आहेत. या दोन्ही कामांस जी क्रिया लागते तिला एन्कोडिंग म्हणतात.

ही क्रिया म्हणजे काय ते पाहू. आजच्या कॅमेऱ्यातील एक तासाचे चित्रण काहीही न आवळता ठेवावयाचे म्हटले, तर त्यास सुमारे २८० गिगाबाइट जागा लागेल. परंतु मंगलाष्टके चालली असता मागील पडदा जागचा हलत नाही. हलतात ते अक्षता टाकणारे हात. संगणक एका चित्राची पुढच्या चित्राशी तुलना करतो, जे तेच आहे ते पुन्हा लिहीत नाही, आणि जे बदलले तेवढेच टिपून ठेवतो. अशा रीतीने तो ढीग काही गिगाबाइटांत मावतो. या आवळण्याच्या ज्या पद्धती रूढ आहेत, त्यांपैकी एच. २६४ ही २००३ साली, एच. २६५ ही २०१३ साली, तर ए.व्ही. १ ही २०१८ साली प्रसिद्ध झाली. पद्धत जितकी नवी, तितकी फाईल लहान. पण संगणकास कष्ट अधिक. सर्वत्र चालावी अशी प्रत हवी असल्यास एच. २६४ हीच आजही सोयीची.

आता खरेदीकडे वळू. पहिला नियम असा की, आधी काम ठरवावे, मग यंत्र. एन्कोडिंगचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. यास्तव पैसा प्रथम तेथे घालावा. सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर या कामास पुरतो. अत्यंत वेगवान एसएसडीने हे काम फारसे लवकर होत नाही. प्रणालीपुरती लहान एसएसडी आणि साठवणीस मोठी हार्ड डिस्क, अशी विभागणी काटकसरीची ठरते. रंगीबेरंगी दिव्यांच्या पेटीने तर काहीच साधत नाही.

दुसरा नियम मेळाचा. जुवाच्या एका बाजूस भारी बैल आणि दुसऱ्या बाजूस गोऱ्हा जुंपला, तर तास सरळ पडत नाही. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीचा एएम ४ सॉकेटचा प्रोसेसर एएम ५ च्या मदरबोर्डात बसणारच नाही. एएम ४ ला डीडीआर ४ जातीची रॅम लागते, एएम ५ ला डीडीआर ५. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत जात नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही मदरबोर्ड डीडीआर ४ घेतात, तर काही डीडीआर ५. तेव्हा बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्यावाचून रॅम घेऊ नये. सोळा गिगाबाइटची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतल्यास त्या जोडीने चालतात व वेग वाढतो. शिवाय सॉकेट जुळले म्हणजे सर्व जुळले असेही नाही. बी ४५० सारख्या जुन्या बोर्डास नंतर निघालेल्या रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरची ओळख पटण्यासाठी बायोस नवे करावे लागते. हे काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे.

स्वस्ताईचे दोन सापळेही ध्यानात ठेवावेत. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअंती ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात चित्र दाखविणारा अंतर्गत भाग नसतो. वेगळे कार्ड घेतल्यावाचून पडद्यावर काही उमटत नाही. शिवाय एन्कोडिंग झटपट करणारी क्विक सिंक नामक सोयही त्या भागाबरोबरच जाते. तद्वत एन्व्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड स्वस्त म्हणून गळ्यात मारले जाते, परंतु त्यात एन्कोडिंगची यंत्रणाच नाही. ही यंत्रणा गिऱ्हाईकाचे काम वेळेवर उरकण्यास उपयोगी खरी. मात्र वाडवडिलांच्या कॅसेटींची कायमची प्रत करताना काम प्रोसेसरकडूनच सावकाश करवून घ्यावे. रात्रभर लागो, पण तेवढ्याच आकारात चित्र अधिक स्वच्छ राहते. त्यासाठी हँडब्रेकसारखी साधने विनामूल्य मिळतात. जुन्या कॅसेटीचे चित्र मुळातच लहान असल्याने साधा संगणकही ते काम उत्तम करतो.

तिसरा नियम आपल्या भूमीचा. लग्नसराई आणि यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा एकाच वेळी येतात. एन्कोडिंग चालू असता प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराने राबतो; तो फार तापला की आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून हवा खेळती राहील अशी पेटी व चांगला पंखा ही चैन नव्हे, गरज आहे. कापसाची तूस व धूळ महिन्यातून एकदा झाडावी. वीज कमी-अधिक होते, मध्येच जाते. यास्तव पॉवर सप्लाय नामांकित घ्यावा आणि यूपीएस जोडावे. वेगळे कार्ड नसलेल्या यंत्रास ४५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुरेसा आहे. हलका पॉवर सप्लाय बिघडला, तर जाताना बाकीचे भागही घेऊन जातो.

थोड्या साधनांत मोठे काम होते काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर आपल्या विदर्भाच्याच एका सुपुत्राने दिलेले आहे. अमेरिकेकडून हव्या त्या ताकदीचा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यात एखादा अजस्र प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एक काम वाटून करविले होते. सामर्थ्य मेळात होते.

आणि या गावात कसबाची वाण कधीच नव्हती. येथील वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने मोटारीचे इंजिन बसवून हेलिकॉप्टर उभे केले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना पाते तुटून तो प्राणास मुकला. संगणकात तसले संकट नाही. परंतु मुलांच्या हातात कला असताना वडीलधाऱ्यांनी केवळ कौतुक किंवा केवळ उपहास करून थांबू नये; जाणत्यांचा हात त्यांच्या पाठीशी असावा, एवढे त्या दुःखद घटनेने आपणा सर्वांस शिकविले पाहिजे.

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपल्यातील जे तरुण नागपूर-पुण्यास संगणक क्षेत्रात नोकरी करतात, त्यांपैकी दोघा-तिघांनी ही जबाबदारी घ्यावी. नांदेड वा नागपुरास खरेदीला जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने भागांची यादी त्यांना दाखवावी; त्यांनी मेळ तपासून, यादीवर सही करून ती परत द्यावी. यास एक पैसा लागत नाही, आणि एका घरचा हंगाम वाचतो. असा पहिला संगणक जुळला की त्याच्यावर प्रथम गावातील सर्व घरच्या जुन्या कॅसेटी उतरवून घ्याव्यात, व त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात.

पालकांस इतकेच सांगणे की, मुलास नुसते ‘किती?’ असे विचारू नका. ‘कशासाठी, आणि हे भाग एकमेकांशी जुळतात काय?’ असे विचारा. ज्यास उत्तर देता येईल, त्याच्या हाती पैसा निःशंक द्यावा. ज्यास येणार नाही, त्याला नकार न देता यादी घेऊन आमच्याकडे पाठवावे.