एक चोपडी की सुट्या पावत्या?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, स्वतःचा मेल सर्व्हर लावायचा तर सॉफ्टवेअर कोणतं? सांगतो. पण आधी मेल डिस्कवर ठेवायचे कसे ते बघू, कारण माझी चूक तिथंच झाली होती.

२०१९ ची गोष्ट. सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो. मेल सर्व्हर पेढीतच, तळमजल्यावर. जीमेल का नाही, म्हणाल. तर माणशी दरमहा पैसे भरायला मालक तयार नव्हते. रोज रात्री बॅकअप साताऱ्याच्या शाखेत जायचा, पोवई नाक्याजवळ. तिथं काही कृष्णेचं पाणी चढत नाही, म्हणून मी निवांत.

मेल होते एमबॉक्स पद्धतीनं. म्हणजे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाईलमध्ये, एकाखाली एक, चोपडीत लिहिल्यासारखे. साधी, जुनी, सुटसुटीत पद्धत. पण आमच्या दिवाणजींनी बारा वर्षांत एक मेल उडवलेला नाही. त्यांची ती एक फाईल सात जीबीची झालेली. एक मेल आला की अख्खी फाईल बदलली.

ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि रात्री लाइन तुटायला लागली. बॅकअप आरसिंकनं चालायचा. तो बदललेला भागच पाठवतो, हे खरं. पण नवी फाईल पुरी तयार झाल्याशिवाय जुनीच्या जागी बसवत नाही. मध्येच लाइन गेली की रात्रीचं काम वाया. चार रात्री हेच झालं आणि मी लॉग उघडून बघितलाही नाही.

मग आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे! पेढीत पाणी शिरलं, मशीन गेलं. साताऱ्यात दिवाणजींची फाईल होती ती चार दिवसांपूर्वीची. मधले सौदे, भाव, गाडी नंबर, काही नाही. दिवाणजी एकेका पार्टीला फोन करून म्हणत होते, ‘आम्ही तुम्हाला पाठवलेले मेल जरा आम्हाला परत पाठवता का?’ मी शेजारी बसून ऐकत होतो.

नंतर मेलडीर केलं. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी आणली. इथं प्रत्येक मेलची वेगळी फाईल, सुट्या पावतीसारखी. मेल आधी टीएमपी फोल्डरमध्ये पुरा लिहिला जातो, मग न्यूमध्ये सरकतो, पुढे करमध्ये. अर्धवट मेल कुणाला दिसतच नाही. आणि बॅकअप तुटला तरी पोचलेल्या पावत्या पोचलेल्याच.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, साठवायला आणि फोनवर दाखवायला डवकॉट. एक्झिमही चांगलं आहे, पण माझा हात पोस्टफिक्सवर बसलाय. डवकॉटला एमबॉक्स आणि मेलडीर दोन्ही कळतात, जुने मेल बदलूनही देतो.

मेलडीरचाही त्रास आहे बरं का. लाखभर बारक्या फाईली होतात. डिस्कवर जागा असूनही आयनोड संपू शकतात. शिवाय मेल वाचला की फाईलचं नाव बदलतं, शेवटी ‘एस’ लागतो. आरसिंकला वाटतं नवीनच फाईल आली, तो ती परत पाठवतो. म्हणून आता डवकॉटचंच डीसिंक लावलंय, दर पंधरा मिनिटांनी. लॉग रोज सकाळी बघतो, चहाच्या आधी.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा वाढली. मशीन तोवर वरच्या मजल्यावर नेलं होतं, पण वीज गेली, पेढी बंद. साताऱ्यातली प्रत आम्ही चालू केली. दिवाणजींचा फोन आला, ‘शेवटचा मेल कधीचा दिसतोय?’

म्हटलं, ‘संध्याकाळी सहा बावन्न.’

‘मग एकच राहिला. दिल्लीच्या पार्टीला सातला पाठवलेला. त्यातला भाव माझ्या लक्षात आहे.’